‘कोन के से क्वीदा?’ : अमेरिकेतल्या लॅटिना स्त्रियांशी गर्भनिरोधनाबद्दल कसं बोलावं

ह्यूस्टन, लॉस एंजेलिस, शिकागो, न्यू जर्सी. या भागांतल्या दवाखान्यांत आज पुष्कळ मराठी डॉक्टर, नर्स, फार्मसिस्ट आणि सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी काम करतात. त्यांच्यासमोर येणाऱ्या बायकांमध्ये मेक्सिको, ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, पोर्तो रिको इथून आलेल्या बऱ्याच असतात. 2020 च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे 6.2 कोटी लोकांनी आपण हिस्पॅनिक किंवा लॅटिनो असल्याचं नोंदवलं. हे टिपण या कामात असलेल्यांसाठी आहे.

सुरुवात एका प्रश्नापासून करा. फॉर्मवर ‘गर्भनिरोधक वापरता का?’ या रकान्यापुढे अनेक जणी ‘नाही’ लिहितात. त्याच बाईला स्पॅनिशमध्ये ‘कोन के से क्वीदा?’ असं विचारलं की उत्तर बदलतं. शब्दशः अर्थ ‘स्वतःला कशाने जपता?’. आपल्याकडे आशाताई ‘काही वापरता का?’ असं विचारतात, तसाच हा घरगुती प्रश्न. कुणी म्हणते ‘पास्तीयास’, म्हणजे गोळ्या. कुणी म्हणते ‘ला ते दे कोब्रे’ किंवा नुसतं ‘एल आपारातो’. ही आपली तांबी. आणि कुणी म्हणते ‘एल मे क्वीदा’, म्हणजे ‘तोच मला जपतो’. नवरा वेळेवर बाजूला होतो, असा त्याचा अर्थ. दुभाषी नवखा असेल तर हे वाक्य ‘नवरा माझी काळजी घेतो’ असं तुमच्यापर्यंत येतं आणि तुम्ही पुढे सरकता. तिथेच थांबायला हवं.

या पद्धतीला हसू नका आणि ‘हे काही साधन नव्हे’ असंही म्हणू नका. वर्षभर ती वापरणाऱ्या 100 जोडप्यांपैकी सुमारे 20 बायकांना दिवस जातात, काहीच न केल्यास सुमारे 85 जणींना. आकडे तसेच सांगा. शेजारी बाकीचे ठेवा : निरोध 13, गोळ्या 7, तीन महिन्यांचं इंजेक्शन 4, तांबी किंवा दंडातली कांडी 1 पेक्षा कमी. हे रोजच्या वापरातले आकडे आहेत, चुकामुका धरून. ती काय ते ठरवेल.

‘लॅटिना’ हा शब्द बाजूला ठेवा, देश विचारा

एका शब्दाखाली वीसेक देश येतात आणि प्रत्येकाचा इतिहास निराळा. मेक्सिकोत 1974 साली लोकसंख्येचा नवा कायदा झाला आणि किती मुलं, किती अंतराने, हे ठरवण्याचा हक्क घटनेच्या चौथ्या कलमात लिहिला गेला. ‘लहान कुटुंब सुखात राहतं’ ही घोषणा तिथल्या रेडिओवर आपल्या ‘हम दो, हमारे दो’सारखीच घुमत होती. 1970 च्या सुमारास बाईमागे सरासरी साडेसहा-सात मुलं होती, आज ती दोनच्या खाली आहेत. म्हणजे मेक्सिकोतून आलेली तिशीची बाई लहानपणापासून कुटुंबनियोजन ऐकत मोठी झालेली आहे. तिच्या आईला बाळंतपणानंतर सरकारी दवाखान्यात तांबी बसवलेली असण्याची शक्यता बरीच. ती ‘पारंपरिक’ असेल असं गृहीत धरणारा माणूस तिथेच चुकतो.

होंडुरासमध्ये मात्र 2009 पासून 2023 पर्यंत संबंधांनंतर घ्यायच्या आणीबाणीच्या गोळीवरच बंदी होती. तिथून आलेल्या मुलीला ती गोळी अमेरिकेत कुठल्याही वयात, चिठ्ठीशिवाय मिळते हे सांगावं लागतं. लेव्होनॉर्जेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅम, 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं. ती ओव्ह्युलेशन, म्हणजे बीज बाहेर पडणं, पुढे ढकलते. राहिलेला गर्भ पाडत नाही. हे वाक्य आवर्जून म्हणा, कारण भीती नेमकी तिथेच असते.

ग्वातेमाला किंवा मेक्सिकोतल्या वाहाकामधून आलेल्या बाईची मातृभाषा स्पॅनिश नसण्याचीही शक्यता असते. कॅलिफोर्नियात ऑक्सनर्डच्या शेतांत काम करणाऱ्या अनेकांची भाषा मिश्तेको आहे, ओकलंडमध्ये माम बोलणारी मोठी वस्ती आहे. समोरची बाई प्रत्येक वाक्याला ‘सी, सी’ म्हणत मान हलवत असेल आणि एकही प्रश्न विचारत नसेल, तर आधी तिची घरची भाषा विचारा. फोनवरचे दुभाषी या भाषांसाठीही मिळतात, पण आधी वेळ ठरवावी लागते.

रुळणं मोजायचं कसं

बाई अमेरिकेतल्या जगण्यात किती रुळली, हे मोजायला संशोधनात मोजपट्ट्या आहेत. 1987 ची एक छोटी पट्टी 12 प्रश्नांची आहे. घरी कोणती भाषा, टीव्ही-रेडिओ कोणत्या भाषेतला, मैत्रिणी कोणत्या समाजातल्या, असं विचारून 1 ते 5 गुण देतात आणि 2.99 च्या वर सरासरी गेली की बाई ‘रुळलेली’ धरतात. प्रबंधासाठी ती वापरायला हरकत नाही. पण निष्कर्ष काढताना जपा : ती मुख्यतः भाषा मोजते. इंग्रजी फर्डी बोलणारी मुलगी गोळ्यांबद्दल आजीच्याच समजुती बाळगून असू शकते. उलट, इंग्रजीचा गंध नसलेली बाई गावच्या दवाखान्यातून तीन पद्धती वापरून आलेली असते. शिवाय रुळणं म्हणजे एक टाकून दुसरं उचलणं असं फारसं घडत नाही. बाई दोन्हीकडचं ठेवते, प्रसंग पाहून वापरते. मराठी माणूस परदेशात दुसरं काय करतो?

दवाखान्यात गुणांपेक्षा चार उत्तरं जास्त कामाची. इथे आलात तेव्हा वय काय होतं? गर्भनिरोधनासाठी शेवटचं कुठे गेला होता, तिथे की इथे? घरात कोण कोण आहे? आणि या विषयावर तुम्ही कुणाशी बोलता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा बहीण, वहिनी किंवा गावाकडची आई असतं, आणि ती फोनवर रोज भेटते. तुमचा सल्ला त्या फोनवरून सुखरूप पार पडला पाहिजे, इतका तो साधा आणि पाठ होण्याजोगा हवा.

खोलीत कोण असावं

मुलीला दुभाषी करू नका. तेरा-चौदा वर्षांची मुलगी आईच्या पाळीबद्दल आणि बापाच्या वागण्याबद्दल भाषांतर करते, हे दृश्य आजही दिसतं. आई अर्धं गिळते, मुलगी उरलेलं गाळते. नवऱ्यालाही त्या जागी बसवू नका. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला दुभाषी मोफत द्यावाच लागतो. तो तिच्या थोडा मागे बसवा आणि तुम्ही तिच्याकडे बघून बोला. वाक्यं दहा-बारा शब्दांपेक्षा लांब नकोत.

संबोधन ‘उस्तेद’, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. पहिल्याच भेटीत ‘तू’ वापरलं तर पन्नाशीच्या बाईला ते टोचतं. आधी मुलांची, कामाची, गावाची दोन मिनिटं चौकशी करा. स्पॅनिशमध्ये यालाच ‘कॉन्फियान्सा’, म्हणजे विश्वास, जमणं म्हणतात. ती दोन मिनिटं पुढची दहा वाचवतात. भेटीत कधीतरी पाच मिनिटं तिच्याशी एकटीशी बोला आणि दवाखान्याचा तसा नियमच आहे असं सांगा, म्हणजे सोबत आलेल्याला राग येत नाही. कागदपत्रांची, व्हिसाची चौकशी करू नका. तिने आपणहून सांगितलं तरी केस पेपरवर लिहू नका.

इंजेक्शन कोणतं? आणि पाकीट किती गोळ्यांचं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

‘मी इंजेक्शन घ्यायचे’ असं ती म्हणाली की अमेरिकेतली नर्स तीन महिन्यांचं डेपो समजते. पण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारं महिन्याचं इंजेक्शन घराघरांत माहीत आहे. त्यात दोन औषधं असतात, उदाहरणार्थ नॉरएथिस्टेरॉन एनान्थेट 50 मिलिग्रॅम आणि इस्ट्रॅडिऑल व्हॅलरेट 5 मिलिग्रॅम. हे दुसरं म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोन. त्याने दर महिन्याला रक्तस्राव होतो. अमेरिकेत असं महिन्याचं इंजेक्शन आज बाजारात नाही. इथलं डेपो म्हणजे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, स्नायूत 150 मिलिग्रॅम, दर 13 आठवड्यांनी. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतलं ‘अंतरा’ तेच. त्याने पाळी विस्कटते आणि पुढे बहुतेकींची थांबते.

घोळ दोन्ही बाजूंनी होतो. इथे डेपो घेतलेली बाई महिन्याने पाळीची वाट बघते. ती येत नाही, मग दिवस गेले म्हणून घाबरते. किंवा बहिणीने गावाहून पाठवलेलं महिन्याचं इंजेक्शन घेऊन ‘आता तीन महिने निश्चिंत’ म्हणते आणि दुसऱ्या महिन्यात खरंच दिवस जातात. म्हणून तीन गोष्टी विचारा : किती दिवसांनी टोचायचात, पाळी यायची का, आणि खोक्याचा फोटो आहे का? फोटो बहुधा असतो. खोक्यावर दोन औषधं दिसली तर इस्ट्रोजेन आहे असं समजा आणि रक्तदाब मोजा. उच्च रक्तदाब, डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी, रक्ताच्या गुठळीचा इतिहास, पस्तिशीनंतर धूम्रपान, यांपैकी काही असेल तर इस्ट्रोजेनची पद्धत नको. दुकानातून परस्पर घेणाऱ्या बाईचा रक्तदाब कुणी मोजलेलाच नसतो.

डेपोची तारीख हुकली तर : शेवटच्या इंजेक्शनपासून 15 आठवड्यांपर्यंत तसंच टोचता येतं. त्यापुढे गेलं तर दिवस गेले नाहीत याची खात्री करून टोचायचं आणि 7 दिवस निरोध.

आता गोळ्या. लॅटिन अमेरिकेत 21 गोळ्यांची पाकिटं फार चालतात : 21 दिवस गोळी, 7 दिवस ‘देस्कान्सो’ म्हणजे विश्रांती, मग नवं पाकीट. अमेरिकेत पाकीट 28 चं असतं आणि बहुतेकांत शेवटच्या 7 गोळ्या औषधाविना असतात. वर्षानुवर्षं हाताला सवय लागलेली बाई 28 संपवते आणि वर 7 दिवस सुट्टी घेते. एकूण 14 दिवस हार्मोन नाही. ‘रोज घेतली, एकही चुकवली नाही’ असं ती शपथेवर सांगते, आणि ते खरंच असतं. म्हणून पाकीट तिच्या हातात द्या. शेवटची वेगळ्या रंगाची ओळ बोटाने दाखवा, मग नव्या पाकिटाची पहिली गोळी त्याच बोटाने दाखवा : ‘ही संपली की दुसऱ्याच दिवशी ही.’ मग तिच्याकडून बोट फिरवून घ्या.

दुकानातून चिठ्ठीशिवाय घ्यायची सवय असलेल्यांसाठी 2024 पासून एक चांगली सोय झाली आहे. ओपिल ही नॉरजेस्ट्रेल 0.075 मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळते. इस्ट्रोजेन नसल्याने रक्तदाबाची अडचण फारशी नाही, पण स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी घ्यायची नाही. तिच्यात कोऱ्या गोळ्या नाहीत, विश्रांती नाही आणि वेळ काटेकोर : 3 तासांपेक्षा उशीर झाला तर पुढचे 48 तास निरोध.

औषधाच्या लेबलवरही नजर ठेवा. इंग्रजीत ‘एकदा’साठी जो ‘once’ शब्द छापतात, त्याच अक्षरांचा स्पॅनिश शब्द ‘ऑन्से’ म्हणजे अकरा. अर्धं इंग्रजी, अर्धं स्पॅनिश लेबल हातात आलं तर बाई ‘दिवसाला अकरा’ वाचते. ‘उना वेस आल दीआ’ पूर्ण छापून घ्या.

पाळी थांबली की रक्त कुठे जातं?

हा प्रश्न तोंडावर आला नाही तरी मनात असतो. पाळी म्हणजे शरीराची सफाई. ती थांबली तर घाण आत साचते, डोकं दुखतं, गाठ होते. ही समजूत मराठी घरातही नवी नाही, त्यामुळे तुम्हाला ती समजायला जड जाऊ नये. मूठ पुढे धरा आणि सांगा : पिशवीच्या आत दर महिन्याला एक मऊ अस्तर जाडावतं आणि गळून पडतं, तीच पाळी. हार्मोनमुळे अस्तर जाडावतच नाही. जे तयारच झालं नाही ते साचणार कुठून? हे एकदा पटलं की बऱ्याच जणी निवांत होतात. नाही पटलं तर वाद घालू नका. दर महिन्याला पाळी हवी असणं ही पुरेशी निवड आहे : तांबी किंवा 28 च्या गोळ्या सुचवा. तांबीने पाळी जास्त जाते आणि दुखते, हेही आधीच सांगा.

‘पुढे मूल होणार नाही’ ही दुसरी भीती. तिला सरसकट ‘खोटं’ म्हणू नका, कारण डेपोच्या बाबतीत तिच्यात थोडं तथ्य आहे : शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी दहा महिने लागतात. वर्षभरात मूल हवं असलेल्या बाईला डेपो देणं ही सल्ला देणाऱ्याची चूक. गोळ्या, कांडी आणि तांबी थांबवली की मात्र दिवस राहण्याची क्षमता लगेच परत येते.

‘बांधलेल्या’ नळ्या

इथे इतिहास माहीत नसेल तर बोलायला बसू नये. पोर्तो रिकोमध्ये 1937 च्या कायद्याने नसबंदीला मोकळीक मिळाली आणि 1965 च्या पाहणीत 20 ते 49 वयाच्या मुलं झालेल्या बायकांपैकी जवळपास एक तृतीयांश जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. तिला नुसतं ‘ला ओपेरासियोन’ म्हणतात, आपल्या ‘ऑपरेशन’सारखंच. पहिल्या गोळीची मोठी चाचणीही 1956 मध्ये सान हुआनजवळच्या रियो पिएद्रास इथल्याच बायकांवर झाली, आणि हा प्रयोग आहे हे त्यांना नीट सांगितलेलं नव्हतं. त्या गोळीत इस्ट्रोजेन सुमारे 0.15 मिलिग्रॅम होतं. आजच्या गोळ्यांत बहुधा 0.02 ते 0.035 असतं. मळमळ, चक्कर, डोकेदुखी यांच्या कहाण्या आजीकडून नातीकडे आल्या त्या इथून. लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात मेक्सिकन बायकांना ऐन कळांमध्ये इंग्रजी कागदावर सही घेऊन नळ्या बांधल्याचा आरोप झाला. दहा जणींचा खटला 1978 साली त्या हरल्या, पण त्यातून नियम कडक झाले. 1975-77 ची नसबंदीची सक्ती आठवणाऱ्या देशातून आलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. म्हणून बाई ‘विचार करते’ म्हणाली तर तो पुरता शब्द माना.

आणि शब्दाचा सापळा बघा. ‘आमारादास’ म्हणजे बांधलेल्या, ‘लिगादास’चाही अर्थ तोच. जे बांधलं ते सोडता येतं, अशी समजूत त्यातूनच निघते. मराठीत ‘नस बांधली’ म्हणतो तिथेही हेच होतं. म्हणून सांगताना ‘कापतात किंवा काढून टाकतात, परत जोडायचं धरून चालू नका’ असंच म्हणा.

मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, पैसा असेल तर : वय 21 पूर्ण, सही तिला कळणाऱ्या भाषेतल्या फॉर्मवर, सहीनंतर 30 दिवस थांबायचं, आणि सही 180 दिवस चालते. कळांमध्ये सही चालत नाही. सिझेरियनबरोबरच करायचं असेल तर 30 ते 32 व्या आठवड्यात सही घ्या. 36 व्या आठवड्यापर्यंत लांबवलं तर 30 दिवस भरण्याआधीच बाळ येतं आणि शस्त्रक्रिया राहते. बाळ वेळेआधी आलं तर सवलत आहे, पण सही अपेक्षित तारखेच्या किमान 30 दिवस आधी झालेली आणि तिला 72 तास उलटलेले हवेत. दुसरी अडचण साधी आहे : फॉर्म दवाखान्यात राहतो आणि बाई बाळंत दुसऱ्या रुग्णालयात होते. एक प्रत तिच्या पर्समध्ये, एक फोटो तिच्या फोनमध्ये.

धर्म आणि नवरा

यावर लिहिलं खूप जातं, दवाखान्यात त्याचं ओझं त्यामानाने कमी असतं. 1968 साली पोपनी कृत्रिम साधनांना मनाई केली हे खरं, पण बहुसंख्य कॅथलिक बायका ती वापरतात आणि रविवारी चर्चलाही जातात. धर्माचा विषय तिने काढला तर ऐका, तुम्ही काढू नका. दिवस मोजून वागायचं असेल तर पद्धत नीट शिकवा, तांबडं-हिरवं कॅलेंडर हातात द्या. नुसत्या आठवणीवर ‘एल रित्मो’ चालवणाऱ्यांचा बहुधा सुपीक दिवसांचा हिशेबच चुकीचा असतो.

नवऱ्याबद्दल दोनच प्रश्न : त्याला माहीत आहे का? त्याला माहीत असलेलं चालेल का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर इंजेक्शन सोयीचं, आणि विम्याचं पत्र घरी जाणार आहे का ते आधी तपासा. उत्तर ‘हो’ असेल तर त्यालाही पुढच्या वेळी बोलवा.

सव्वा महिना

बाळंतपणानंतरच्या चाळीस दिवसांना ‘ला क्वारेन्तेना’ म्हणतात. थंड वारा टाळायचा, गरम खायचं, संबंध नाहीत. आपल्या सव्वा महिन्याची ही सख्खी बहीण. सहाव्या आठवड्याची तपासणी या हिशेबात बसते असं वाटतं, पण त्या भेटीला अनेक जणी येतच नाहीत, कारण कित्येकींचा आणीबाणीचा (इमर्जन्सी) मेडिकेड विमा बाळंतपणापुरताच असतो. म्हणून सातव्या महिन्यातच विचारून ठेवा. निव्वळ अंगावरचं दूध, पाळी परत आलेली नाही आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं, या तिन्ही गोष्टी असतील तर संरक्षण सुमारे 98 टक्के. वरचं दूध सुरू झालं की ते संपलं. बाळंतपणानंतर किमान पहिले 21 दिवस इस्ट्रोजेन द्यायचं नाही.

तांबी किंवा कांडी बसवतानाच ती काढायची वाट सांगून ठेवा : कोणत्या दिवशी, किती पैशांत, कुणाला फोन करायचा, आणि फोनवर स्पॅनिश बोलणारं कोण. कांडीने अवेळी डाग जातात, आणि ती काढून घ्यायचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. बाई ‘काढा’ म्हणून आली की एकदा विचारा, उपाय करून बघायचा का. ‘नको’ म्हणाली तर त्याच भेटीत काढा. ‘अजून तीन महिने थांबा’ असं सांगून परत पाठवलेली बाई पुन्हा येत नाही, आणि तिच्या बहिणी-वहिनीही येत नाहीत. वस्तीतली ‘प्रोमोतोरा’, म्हणजे तिथली आशाताईच, हे तुम्हाला नावानिशी सांगू शकेल. तिच्याकडे महिन्यातून एकदा चहाला जा, आणि कोणत्या साधनाबद्दल वस्तीत काय बोललं जातंय ते वहीत लिहून घ्या.